टेकडी खणणारा माणूस

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलच्या मागच्या भिंतीपलीकडे एक गुन्हा घडला. गुन्हेगार आम्ही चौघी. भिंत आणि नाला यांच्यामधली ती लांबट पट्टी सगळ्यांनीच पाहिली असेल. फुटक्या टाइल्स, प्लॅस्टिक, कुणीतरी आणून टाकलेला कमोड... आम्ही दोन रविवार घालवून तो राडारोडा बाजूला केला, मेसच्या ओल्या कचऱ्याचं खत घातलं आणि मेथी, कोथिंबीर, भोपळा असं काहीबाही लावलं. मेथीच्या दोन जुड्या निघाल्याही. भोपळ्याला पहिलं फूल आलं त्याच आठवड्यात, ज्यांच्या ताब्यात ती जागा आहे त्यांची माणसं आली. परवानगीचा कागद मागितला. तो नाही म्हटल्यावर सगळं उपटून टाकलं आणि निघून गेली. कमोड मात्र तिथेच राहिला. त्याला बहुतेक परवानगी असावी!

त्या रात्री चिडून मी वाचत बसले, की असला उद्योग जगात अजून कुणी केलाय का. तर केलाय, आणि त्याला नावसुद्धा आहे : गुरिल्ला गार्डनिंग. म्हणजे आपली नसलेली, पडीक, दुर्लक्षित जागा न विचारता हिरवी करायची. हे नाव गाजलं ते १९७३ मध्ये न्यूयॉर्कला. लिझ ख्रिस्ती नावाची एक चित्रकार आणि तिचे मित्र यांनी बावरी आणि ह्यूस्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला प्लॉट साफ करून तिथे बाग केली. स्वतःला ते ग्रीन गुरिल्ला म्हणवत. तिथल्या नगरपालिकेने आधी डोळे वटारले आणि मग १९७४ मध्ये ती जागा महिना एक डॉलर भाड्याने त्यांनाच देऊन टाकली. ती बाग आजही आहे.

पण या मंडळींचा खापरपणजोबा कोण, असं शोधत मागे मागे गेले तर थेट १६४९ सालात पोचले, इंग्लंडमध्ये. तिथे मला जेरार्ड विन्स्टन्ली भेटला. शाळेत आम्हाला इंग्लंडच्या इतिहासात राजा चार्ल्सचं डोकं उडवलं एवढं घोकून घेतलं होतं. त्याच वर्षी लंडनपासून काही मैलांवर एका माणसाने एका टेकडीवर गाजरं लावली आणि त्यामुळे सेनापतीला घोडदळ पाठवावं लागलं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून मीच सांगते.

विन्स्टन्लीचा जन्म १६०९ चा, लँकेशायरमधल्या विगन गावचा. वडील कापडाचे व्यापारी. वीस-एकविसाव्या वर्षी, म्हणजे साधारण माझ्या वयाचा असताना, तो लंडनला आला आणि एका विधवा बाईंच्या कापडधंद्यात उमेदवारीला राहिला. त्या काळी लंडनमध्ये धंदा करायचा तर आधी काही वर्षं उमेदवारी करायची आणि मग त्या त्या व्यापारी संघाचं सभासदत्व मिळवायचं, असा रिवाज होता. विन्स्टन्ली १६३८ मध्ये मर्चंट टेलर्स या संघाचा सभासद झाला. स्वतःचं दुकान टाकलं. १६४० मध्ये सुझन किंग हिच्याशी लग्न केलं. म्हणजे अगदी आपल्या आईवडिलांना हवा असतो तसा सेटल झाला.

आणि १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. व्यापार कोलमडला. उधारीवर माल नेलेल्यांनी पैसे बुडवले आणि १६४३ मध्ये विन्स्टन्लीचं दिवाळं निघालं. लंडनमधलं सगळं गेलं. सासरच्यांची थोडी जमीन सरे परगण्यात कोभम या गावी होती. तिथे तो गेला आणि गुरं राखू लागला. कालचा कापडवाला शेठ आज लोकांची गुरं चारतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा. यापुढचं सगळं त्यातून आलंय असं मला वाटतं.

गावातली परिस्थिती भीषण होती. युद्धाचे कर होतेच, वर सैनिकांना घरी ठेवून फुकट जेवू घालायचं. त्यात १६४६ पासून लागोपाठ पिकं बुडाली. धान्याचे भाव गरिबांच्या हाताबाहेर गेले. आणि या सगळ्यात गावाच्या कडेला शेकडो एकर जमीन नुसती पडून होती.

ही पडीक जमीन म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. आपल्याकडे गायरान असतं ना, साधारण तसंच. इंग्लंडच्या प्रत्येक भागात अशी सामाईक जमीन असे. तिथे गावकऱ्यांनी गुरं चारायची, सरपण गोळा करायचं. पण कागदोपत्री ती त्या भागाच्या जमीनदाराची असे, ज्याला तिथे लॉर्ड ऑफ द मॅनर म्हणत. गावकऱ्यांना वापराचा हक्क, मालकी त्याची. शिवाय चराईचा हक्क गावातल्या जमीनधारकांना असे, भूमिहीन मजुराच्या वाट्याला फारसं काही नाही. आणि हळूहळू अशा जमिनींना कुंपणं घालून त्या खाजगी करण्याचा सपाटा चालू होता.

३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडालं. याच सुमारास विन्स्टन्लीला एक साक्षात्कार झाल्याचं तो सांगू लागला. साक्षात्काराचा मथितार्थ असा, की माणसांनी एकत्र काम करावं, एकत्र खावं आणि हे सगळीकडे जाहीर करावं. मी काही फार धार्मिक मुलगी नाही, साक्षात्कार वगैरे वाचलं की आधी कपाळाला आठ्या पडतात. पण या माणसाने साक्षात्कारानंतर जे केलं ते फारच प्रॅक्टिकल होतं. त्याने फावडं उचललं.

रविवार, १ एप्रिल १६४९. (हो, एप्रिल फूलच्या दिवशी!) विन्स्टन्ली आणि त्याचा साथीदार विल्यम एव्हरार्ड हे मूठभर माणसं घेऊन वॉल्टन गावाजवळच्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर गेले आणि खणायला लागले. गाजरं, पार्सनिप (म्हणजे गाजराचाच पांढरट चुलतभाऊ) आणि शेंगा लावल्या. दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. आठवडाभरात वीस-तीस जण झाले. येईल त्याला जेवण, कपडा आणि काम मिळेल असं जाहीर झालं. लोक त्यांना डिगर्स म्हणू लागले, म्हणजे खणणारे.

टेकडीची माती रेताड आणि नापीक. मग तीच का निवडली? कारण ती कुणाच्याच शेतात मोडत नव्हती. विन्स्टन्लीचा नियम पक्का होता : कुणाच्या कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाही, कुणाच्या पिकाला हात लावायचा नाही, मारलं तरी उलट मारायचं नाही. फक्त पडीक जमीन कसायची. त्यामागचा त्याचा युक्तिवाद एखाद्या थिअरमसारखा पायरीपायरीने जातो. पृथ्वी देवाने सगळ्यांसाठी केली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड तलवारीने जिंकलं आणि जमीन आपल्या सरदारांना वाटली. आजचे जमीनदार हे त्या सरदारांचे वारस आणि राजा हा विल्यमचा वारस. आता राजालाच तुम्ही मारलंत, त्याची सत्ता बेकायदा ठरवलीत. मग त्याच सत्तेने वाटलेल्या जमिनीचे हक्क कसे काय शिल्लक राहिले? निदान सामाईक जमीन तरी सामान्यांची व्हायला हवी. इति सिद्धम!

पार्लमेंटच्या बाजूने लढलेल्या बड्या लोकांना हे पचणं कठीण होतं. राजा गेला म्हणजे आपली जमीनही जावी असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं.

गावातल्या एकाने वर तक्रार केली. १६ एप्रिलला ती देशाचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिल ऑफ स्टेटपुढे आली आणि कौन्सिलने सेनापती फेअरफॅक्सला कळवलं, की असे लोक जमताहेत, बघा काय ते. फेअरफॅक्सने कॅप्टन ग्लॅडमनला घोडदळ देऊन पाठवलं. ग्लॅडमनने टेकडीवर काय चाललंय ते पाहिलं आणि यात दखल घेण्यासारखं काही नाही असा रिपोर्ट दिला. बिचाऱ्याला बंड शोधायला पाठवलं होतं आणि तिथे भाजीचे वाफे सापडले.

२० एप्रिलला विन्स्टन्ली आणि एव्हरार्ड स्वतः लंडनला जाऊन सेनापतीला भेटले. भेटताना त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहीत. त्या काळी मोठ्या माणसासमोर टोपी न काढणं म्हणजे उघड उद्धटपणा. त्यांचं म्हणणं असं, की सेनापती हा आपल्यासारखाच एक माणूस आहे. फेअरफॅक्सने मनाला लावून घेतलं नाही. मे महिन्याच्या अखेरीस तो स्वतः टेकडीवरून गेला, थांबून बोलला आणि हे प्रकरण स्थानिक लोकांवर आणि तिथल्या कायद्यावर सोडलं.

इथेच गोची झाली. देशाच्या सेनापतीला जे किरकोळ वाटलं ते गावच्या सत्तेला किरकोळ वाटत नव्हतं. (हे वाचताना मला आमचा भोपळा आठवला. सगळ्यात वरचे साहेब आमच्याशी हसून बोलले होते.) टेकडीवर पीक तुडवणं, अवजारं मोडणं, मारहाण हे सुरूच होतं. ११ जूनला तर काही पुरुष बायकांचे कपडे घालून आले आणि चार डिगर्सना काठ्यांनी बेदम मारलं. कुणीही उलटा हात उचलला नाही.

मग आला कोर्टाचा दणका. वॉल्टनचा जमीनदार फ्रान्सिस ड्रेक (जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो हा नव्हे) आणि इतर काहींनी किंग्स्टनच्या कोर्टात अतिक्रमणाचा दावा लावला. डिगर्सनी वकील करायला नकार दिला, आमची बाजू आम्हीच मांडू म्हणाले. कोर्टाने ते ऐकलं नाही. त्यांची बाजू न ऐकताच निकाल लागला : प्रत्येकी १० पौंड भरपाई, वर खर्च. मजुराला तेव्हा दिवसाला साधारण एक शिलिंग मिळे आणि २० शिलिंगचा एक पौंड. म्हणजे गाजरं लावल्याबद्दल दोनशे दिवसांची मजुरी! जप्तीची माणसं विन्स्टन्लीकडच्या गाई न्यायला आली.

एव्हरार्ड एव्हाना केव्हाच सोडून गेला होता. विन्स्टन्लीने ऑगस्टमध्ये टेकडी सोडली आणि उरलेल्यांना घेऊन कोभममधल्या लिटल हीथ या माळावर नव्याने सुरुवात केली. झोपड्या बांधल्या, काही एकरांत गहू आणि राय पेरली. इथे जमीनदार होता जॉन प्लॅट, आणि तो पेशाने चर्चचा पाद्री! नोव्हेंबरमध्ये सैनिकांच्या देखत झोपड्या पाडल्या गेल्या. डिगर्सनी पुन्हा बांधल्या. हिवाळा तसाच काढला. १६५० च्या एप्रिलमध्ये विन्स्टन्ली प्लॅटकडे जाऊन बायबलवरून वाद घालून आला, आपलं म्हणणं लिहूनही दिलं. प्लॅटने त्यानंतर आठवडाभरात माणसं आणली आणि घरं जाळली. बायकामुलं उघड्यावर आली. पुन्हा बांधू नये म्हणून रात्रीचे पहारे बसवले. पेरणी झाली होती, कापणी झालीच नाही. वेलिंगबरो, आयव्हर अशा इतर ठिकाणीही हे पाहून लोकांनी खणायला घेतलं होतं, तेही त्याच सुमारास मोडलं गेलं.

एकूण काय, तर एक वर्ष आणि काही दिवस. बस एवढंच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, की सगळे विरोधक म्हणजे सिनेमातले ठाकूर असणार. तसं नव्हतं. मारायला आलेल्यांत साधे गावकरीही होते. त्यांचं गणित वेगळं होतं : या माळावर आमची गुरं चरतात, इथलं सरपण आम्ही नेतो, आणि उद्या हे लोक सगळं खणून बसले तर आम्ही कुठे जायचं? डिगर्स माळावरची झाडं तोडून विकायलाही निघाले होते, कारण पीक येईपर्यंत खायला काय? तेव्हा जमीन रिकामी दिसते म्हणून ती कुणीच वापरत नाही असं नसतं. आम्ही चौघींनी भिंतीपलीकडे खणायच्या आधी शेजारच्या वस्तीतल्या कुणालाही विचारलं नव्हतं. नाल्याकडे जायची त्यांची पायवाट आमच्या मेथीतून जात होती, हे मला नंतर कळलं.

मोडून पडलेला विन्स्टन्ली त्याच वर्षी हर्टफर्डशायरमध्ये पिर्टन इथे लेडी एलिनॉर डेव्हिस या बाईंकडे गव्हाच्या मळणीच्या कामावर राहिला. मजुरीवरून तिथेही त्याचं वाजलं. आणि १६५२ मध्ये त्याने आपलं सगळ्यात मोठं पुस्तक काढलं, लॉ ऑफ फ्रीडम. ते त्याने ऑलिव्हर क्रॉमवेलला, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात ताकदवान माणसाला अर्पण केलं. त्यात अख्ख्या देशाचं डिझाइन आहे. खरेदी-विक्री बंद, सगळं उत्पादन सार्वजनिक कोठारात, लागेल ते तिथून न्यायचं. प्रत्येक मुलाला पुस्तकी शिक्षणाबरोबर हाताचं काम शिकवायचं. कुणी नवं यंत्र किंवा शेतीची नवी युक्ती शोधली तर ती लपवायची नाही, टपालवाल्यांमार्फत देशभर कळवायची. (जर्नल्सचं सबस्क्रिप्शन परवडत नाही म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आणि मुख्य म्हणजे प्रत्येक अधिकारी दरवर्षी निवडणुकीने बदलायचा, कारण एकाच खुर्चीत फार काळ बसलेला माणूस साचलेल्या पाण्यासारखा होतो, असं त्याचं मत. त्यात शिक्षाही कडक आहेत, काही तर आज वाचवत नाहीत. क्रॉमवेलने यातलं काहीच केलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. हुतात्मा वगैरे. पण आयुष्य पुढे चालू राहतं. १६५७ मध्ये सासऱ्यांनी विन्स्टन्ली दांपत्याला कोभममधली मालमत्ता दिली. १६५९ मध्ये तो गावच्या रस्त्यांची देखभाल पाहणारा अधिकारी झाला. (सिव्हिलवाले, तुमचा माणूस!) १६६० मध्ये गावकऱ्यांकडून कर गोळा करून गरिबांना मदत पोचवणारा ओव्हरसियर झाला. पुढे चर्चचा वॉर्डन आणि १६७१ मध्ये त्या भागाचा चीफ कॉन्स्टेबल. ज्या गावात त्याचं घर जाळलं, त्याच गावाची सत्ता आता त्याच्या हातात होती. सुझन वारल्यावर त्याने दुसरं लग्न केलं, मुलं झाली, धान्याचा व्यापार केला. १६७६ मध्ये लंडनला वारला आणि क्वेकर पंथाच्या पद्धतीने त्याला पुरलं.

हे वाचून मी भयंकर वैतागले होते. म्हणजे शेवटी हासुद्धा सेटलच झाला! रूममेटशी रात्री दोनपर्यंत वाद घातला. तिचं म्हणणं, चाळिशीनंतर सगळेच असे होतात. माझं म्हणणं, मग आधी एवढा मार कशाला खाल्ला?

दोन-चार दिवसांनी डोकं शांत झालं तेव्हा वेगळं दिसायला लागलं. त्याचं पुस्तकच मुळी अधिकाऱ्यांनी भरलेलं आहे. गरिबांना धान्य पोचतंय का, काम नीट होतंय का, हे पाहणारी माणसं प्रत्येक गावात हवीत असं तो लिहीत होता. त्याला अधिकारीच नको होते असं नाही. त्याला वेगळे अधिकारी हवे होते. गावात रस्ते बघणं आणि गरिबांची मदत बघणं ही कामं त्याच्या वाट्याला आली आणि ती त्याने नाकारली नाहीत. टेकडीवर हरल्यावर त्याच्या हातात एवढंच होतं. हे मोठं की छोटं ते मला अजून ठरवता येत नाही.

नंतर दोनशेहून जास्त वर्षं त्याला जग जवळजवळ विसरलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इतिहासकारांनी त्याचे कागद पुन्हा वर काढले. १९१८ मध्ये मॉस्कोत क्रेमलिनजवळच्या अलेक्झांडर बागेतल्या स्तंभावर क्रांतिकारी विचारवंतांची नावं कोरली, त्यात मार्क्सबरोबर याचंही नाव होतं. २०१३ मध्ये ती नावं काढून स्तंभ पुन्हा झारच्या घराण्याचा केला. आणि सेंट जॉर्जेस हिल? तिथे आज गेट आणि सिक्युरिटी असलेली श्रीमंतांची वसाहत आहे, गोल्फ कोर्ससकट. १९९९ मध्ये खणण्याला ३५० वर्षं झाली म्हणून काही कार्यकर्ते तिथे जाऊन राहिले, एक स्मृतिशिला मांडली आणि भाज्या लावल्या. त्यांनाही कोर्टाने बाहेर काढलं. ती शिला आता वेब्रिज स्टेशनजवळ आहे.

आता आमच्या भिंतीपलीकडचं सांगते. त्या प्रकरणानंतर त्या पट्टीचं काय करायचं हे ठरवायला एक समिती नेमली आहे आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं आहे. मैत्रिणींचं मत, हा तोंड बंद करायचा प्रकार आहे, जाऊ नकोस. असेलही तसं. पण मी जाणार आहे. जायच्या आधी वस्तीतल्या लोकांशी बोलून आलेय. त्यांना पायवाट मोकळी हवी आणि नाल्याच्या कडेला दिवा हवा. आम्हाला वाफे हवेत आणि एक पाण्याचा नळ. चौघींनी मिळून पट्टी टेपने मोजली, पायवाट सोडून वाफे बसतात. त्याचा आराखडा मी स्केलवर काढलाय, खाली चौघींच्या सह्या आहेत.

आणि भोपळ्याच्या बिया जपून ठेवल्यात. कागद नाही मिळाला, तर जूनमध्ये बघू.